छवीवानच्या कमरेची किल्ली

छवीवानला बसता येत नसे. गुडघे ठीक होते, कंबरही एकोणसाठाव्या वर्षी ठीकच म्हणायची. पण बूड टेकलं की काहीतरी करायचं राहून गेलंय असं तिला वाटे आणि ती उठे. जेवताना दोनदा उठे. देवळात भिक्खूंचं पठण चालू असताना मांडी बदलायच्या निमित्तानं अर्धी उठून बाहेर डोकावे. तिचा नवरा थावी गावभर सांगे, "हिला जाळाल तेव्हा वर दोन ओंडके जास्त ठेवा. नाहीतर मधेच उठून लाकडं नीट रचायला लागेल."

त्या सोमवारी तर तिनं कहर केला. सकाळपासून फाटकापर्यंत सात खेपा झाल्या. फाटकाजवळ मोबाइलला रेंज बरी येते, हे सांगायचं कारण. घरात, अंगणात, पॉलीहाऊसमध्ये कुठंच जीव थाऱ्यावर नव्हता, हे खरं कारण. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा होता. तोही तिच्या फोनवर नाही, प्रसान मास्तरांच्या. तरी ती आपलाच फोन बाहीनं पुसून पुसून बघत होती.

फू फानच्या डोंगरपायथ्याशी सात घरांनी मंडळ काढून गांजा लावला होता. चोरून नव्हे, परवाना काढून, कुंपण घालून, कॅमेरे बसवून. दोन पॉलीहाऊस, एक वरचं, एक खालचं. दोन्ही कुलपांना एकच किल्ली, आणि ती लाल दोऱ्यात ओवून छवीवानच्या कमरेला. फाटकावरच्या पाटीवर तिचं नाव होतं, खाली 'लागवडप्रमुख' असं लिहिलेलं, शेजारी फोटो. फोटोत ती खुर्चीवर बसलेली आहे, म्हणून तो तिच्यासारखा दिसत नाही.

शुक्रवारी सरकारी तपासनीस येणार होती. गेल्या काही वर्षांत गांजाचं देशात जे झालं ते शहाण्या माणसानं आठवू नये असंच आहे. आधी तुरुंग. मग वैद्यांपुरती परवानगी. मग एका सकाळी सगळंच मोकळं. बँकॉकात नूडल्सच्या गाड्यांसारखी दुकानं उगवली, गांजाचा साबण, गांजाचा चहा, गांजाची बिस्किटं, आणि ज्यांना झेंडू लावता येत नाही त्यांनीही गांजा लावला. या पावसाळ्यात सरकारनं पुन्हा कूस बदलली. आता फूल हवं तर वैद्याची चिठ्ठी आणा, आणि विकणाऱ्यानं माल घ्यायचा तो दाखला असलेल्या शेतातूनच. तेव्हा दाखला मिळाला तर शेत. नाही मिळाला तर प्लास्टिक उतरवा आणि सातही घरं परत ऊस तोडायला चला. छवीवानपुरतं बोलायचं तर किल्ली गेली.

ही किल्ली तिला कशी मिळाली ते सांगायला हवं, नाहीतर एवढी तगमग कशासाठी ते कळणार नाही.

तिच्या आईनं कोंबड्यांच्या खुराड्यामागे गांजाचं एक झाड ठेवलं होतं. एकच. कोंबडीच्या रश्श्यात दोन पानं टाकायची, आजाऱ्याला जेवण जाईना तर तीन. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. छवीवान तेरा वर्षांची असताना कायदा आला. जीपमधून दोन शिपाई उतरले, झाड मुळासकट उपटलं, आणि जाण्याआधी चुलीवरच्या त्याच रश्श्याचे दोन वाडगे पिऊन गेले. चव छान आहे म्हणाले. आईनं ते वाडगे पुन्हा कधी वापरले नाहीत.

पुढं सतरा वर्षं छवीवान बँकॉकच्या शर्टांच्या कारखान्यात होती. बसून कॉलर शिवायचं काम तिनं आठ दिवसांत सोडलं आणि उभ्यानं धागे कातरायचं मागून घेतलं. लहान कात्री, दिवसाला नऊशे शर्ट. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती गावी परतली. पोटाचा कर्करोग होता. शेवटच्या दिवसांत आईला फक्त तो रस्सा हवा होता, आणि छवीवान दोन पानांसाठी अकरा गावं पायी फिरली. कुणी दार उघडलं नाही. आई रश्श्याविना गेली. हे ती कुणाला सांगत नसे, पण तिचं फिरणं थांबलं नाही ते बहुधा तेव्हापासून.

म्हणून सहा वर्षांपूर्वी तालुक्याच्या दवाखान्यातली वैद्य, मो निन, गावात आली आणि म्हणाली, "मला गांजाचं तेल काढायचंय, रुग्णांसाठी. जिभेखाली दोन थेंब. कोण पिकवून देईल?" तेव्हा सगळ्यात आधी छवीवान उठली. अर्थात ती उभीच होती.

नर झाड फूल येण्याआधी ओळखायचं आणि उपटायचं, नाहीतर सगळ्या माद्यांत बिया धरतात आणि पीक वाया जातं. छवीवान ते लांबून ओळखायची. थावी म्हणायचा, "आमच्याकडं नराला काही किंमत नाही. मी घरात राहिलोय तो वय झालं म्हणून." सुकलेली फुलं कातरायला बसणाऱ्या बायकांत (ती सोडून सगळ्या बसत) तिची कात्री सगळ्यांत जलद. ती ज्या वाणाला जपे त्याला या डोंगरात खारीची शेपटी म्हणतात. फूल तसंच लांब आणि झुपकेदार होतं. त्या वाणाची मूळ झाडं, ज्यांच्या फांद्या छाटून नवी रोपं करायची ती, खालच्या पॉलीहाऊसमध्ये होती. त्यांना ती आया म्हणे.

मो निननं तिला आणखी एक गोष्ट शिकवली. वही. "पा वान," ती म्हणाली. मावशी म्हणावं तशी ती तिला पा म्हणायची. "पा वान, जे मातीत जाईल ते वहीत जायला हवं. पाणी, तूस, खत, सगळं. तारखेसकट." छवीवान लिहायची. भाताच्या तुसाचा कोळसा, दोन टोपल्या. मासळीचं पाणी, एक बादली. वटवाघळांचं खत, अर्धं पोतं.

हे वटवाघळांचं खत खाम्पेंग आणायची. खाम्पेंग आणि छवीवान एकाच महिन्यात जन्मल्या, म्हणून नऊ वर्षांच्या असताना दोघींच्या मनगटांना गावासमोर एकच पांढरा दोरा बांधला होता. तो दोरा बांधला की त्या एकमेकींच्या सिआव. ते नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जड; बहिणीशी भांडता येतं. खाम्पेंग विधवा, पुरुषासारखी काटक, डोंगरातल्या गुहांत शिरून वटवाघळांची विष्ठा खरवडायची आणि पोती भरायची. डोंगराखालची चार शेतं तिच्या खतावर चालत.

अहवाल त्या सोमवारी दुपारी आला. मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर, मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी सगळ्यांना मांडवात गोळा केलं आणि चष्मा लावून शाळेत हजेरी घेतात तसा अहवाल वाचला. वरचं पॉलीहाऊस: बुरशी नाही, कीटकनाशक नाही, जड धातू मर्यादेत. उत्तीर्ण. खालचं पॉलीहाऊस: बुरशी नाही, कीटकनाशक नाही. शिसं मर्यादेच्या दुपटीहून जास्त. अनुत्तीर्ण.

कुणीतरी फोन ओढून घेऊन पुन्हा वाचलं, जणू दुसऱ्यानं वाचल्यावर शिसं कमी होणार होतं.

"पाणी एकच, हवा एकच," मास्तर म्हणाले. "खाली असं काय गेलं जे वर गेलं नाही?" त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि ते थांबलं. "हे बघा. पावसाळ्यात नेहमीच्या गुहेची वाट बुडाली होती तेव्हा खाम्पेंगनं दुसऱ्या गुहेतली आठ पोती आणली. आठही खाली गेली."

खाम्पेंग खांबाला टेकून सुपारी चघळत होती. "मास्तर, माझी वटवाघळं किडे खातात. मोटारीच्या बॅटऱ्या खात नाहीत."

"मी आरोप करत नाहीये."

"मग बोट माझ्या नावावर का ठेवलंय?"

थावी मधे पडला. "वटवाघळांना बोलवा शुक्रवारी. उलटं टांगून विचारू."

मो निनही आली होती. तिचे रुग्ण या तेलावर होते; हातपाय थरथरणारे म्हातारे, झोप न येणाऱ्या बायका. ती विचार करत म्हणाली, "शिसं कशातूनही येतं. जुना रंग, रस्त्याची धूळ, राख. परवाच दवाखान्यात परिपत्रक आलंय, बाजारातल्या रंगवलेल्या उदबत्त्यांच्या राखेत शिसं सापडतं, लहान मुलांना धूपपात्राजवळ खेळू देऊ नका म्हणून. आणि हे झाड असं आहे ना, मातीत जे असेल ते शोषून घेतं."

छवीवान मांडवाच्या कडेला उभी होती. ती तिथून कधी गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ती नेहमीच निघून जायची.

खालच्या पॉलीहाऊसमध्ये जाऊन तिनं दार आतून लावलं. सुगीनंतर उरलेली खुंटं आणि पलीकडे दिव्यांखाली आया, बारा. ती पहिल्या वाफ्यापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत गेली, परत आली, परत गेली.

पावसाळ्याच्या तोंडाला आयांवर भुरी आली होती. पानांवर पीठ सांडल्यासारखी पांढरी बुरशी. औषध फवारायला नियमानं बंदी. छवीवाननं पानं पुसली, वारा खेळता केला, दूध-पाणी शिंपडलं, वहीत लिहिलं. भुरी हटेना. मग भिक्खूंच्या तीन महिन्यांच्या वर्षावासाच्या आधी आषाढी पौर्णिमेला ती देवळात गेली आणि बोलली: या झाडांना वाचव, मी तुझं धूपपात्र वर्षावासभर साफ करीन. दर उपोसथाला, म्हणजे अष्टमी, पौर्णिमा, अष्टमी, अमावास्या, ती धूपपात्रातली साठलेली राख काढायची. ती राख कुणी उकिरड्यावर टाकत नाही. बुद्धमूर्तीपुढची राख, ती झाडाच्या बुंध्याशी घालायची असते. गावातल्या सगळ्या बायका तसंच करतात, कुणी चाफ्याला घालतं, कुणी आंब्याला. छवीवाननं ती आयांना घातली, आणि उरलेल्या झाडांना. बादलीभर पाण्यात तीन मुठी, मग प्रत्येक बुंध्याशी एक वाटी. चौथ्या खेपेला भुरी गेली. मग तर तिनं अकरा खेपा केल्या. फुलं धरली तेव्हाच थांबली, कारण फुलांवर धूळ नको.

वहीत यातलं अक्षर नव्हतं. तिनं लपवलं नव्हतं. खत वहीत लिहितात. पुण्य वहीत कोण लिहितं?

तिनं मान वर केली. कोपऱ्यात कॅमेरा होता. त्यानं अकराही खेपा बघितल्या होत्या.

"बघितल्या तर बघितल्या," संध्याकाळी थावी म्हणाला. तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. तो जाळं विणत बसला होता आणि ती त्याच्याभोवती फेऱ्या घालत होती. "कॅमेरा तीस दिवसांत विसरतो, त्याच्यावर नवीन चढतं. तुझ्या राखेला दोन महिने होऊन गेले. आता ती तुझ्या डोक्यात आहे आणि माझ्या. माझं डोकं तर तुला ठाऊकच आहे, सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी राहत नाही."

"आणि खाम्पेंग?"

"खाम्पेंगवर शंका आहे. शंकेनं कुणी मरत नाही."

"तिची पोती चार शेतं घेतात, थावी. कागदावर तिचं नाव आलं तर उद्या एकही घेणार नाही."

"मग सांग जाऊन." त्यानं जाळ्यातून मान वर काढली. "सांगशील? किल्ली काढून ठेवशील? तू तर आंघोळीलाही ती काढत नाहीस. आणि किल्ली गेल्यावर दिवसभर तू घरात. माझा तरी विचार कर, बाई."

तो थट्टा करत होता आणि नव्हताही. ती आणखी दोन फेऱ्या मारून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फावडं घेऊन आयांच्या बुंध्यांची वरची माती खरवडायला घेतली. एक टोपली भरली आणि लक्षात आलं की हेही वहीत लिहावं लागेल, आणि कॅमेरा तर आत्ता बघतोच आहे. तिनं टोपली परत ओतली. मो निनच्या सोळा रुग्णांचं तेल याच फुलांचं व्हायचं होतं, हे तिला तेव्हा सुचलं. आतापर्यंत सुचलं ते फक्त किल्लीचं.

बुधवारी मास्तरांनी खाम्पेंगची शिल्लक पोती तिच्या अंगणात परत पाठवली. छवीवान तिच्याकडे गेली ती ठरवून गेली होती की उंबऱ्यातच सांगायचं. उंबऱ्यात खाम्पेंग म्हणाली, "ये, वान. जेवली नसशीलच."

चिकट भाताची टोपली मधे, बांबूच्या कोंबाचा रस्सा, उखळात कुटलेली कच्ची पपई. खाम्पेंगनं भाताचा गोळा मळून तिच्या हातात दिला. पोती भिंतीशी रचली होती. वास सगळ्या घरभर.

"मास्तर म्हणाले, कागद लिहून आणलाय," खाम्पेंग म्हणाली. "शुक्रवारी त्या बाईसमोर मी सही करायची. 'नव्या गुहेतलं खत मी तपासून घेतलं नाही' असं. एकाची चूक कागदावर आली तर मंडळाचं निभावतं म्हणे. बाहेरून आलेला दोष."

"तू करणार सही?"

"सात घरांचं शेत आहे. त्यातलं एक तुझं." खाम्पेंगनं पपईत आणखी एक मिरची कुटली. "गुहा मी कुठं तपासली? अंधारात काय दिसतं? असेलही शिसं. मला काय ठाऊक?"

छवीवाननं भाताचा गोळा टोपलीत परत ठेवला. ती उठली.

"बस की."

"भांडी घासते."

"अगं, अजून जेवतेय मी, भांडी कसली घासतेस?"

तिनं खरकटी नव्हती ती भांडीही घासली. घासताना दोनदा तोंड उघडलं. मग खाम्पेंगनं पपईतली उरलेली मिरची तिच्या पानात ढकलली, लहानपणी ढकलायची तशी, आणि छवीवान ती खाऊन, नाक पुसत, न सांगता घरी आली. गुरुवारी ती तिकडे फिरकलीच नाही. कुंपणाच्या कडेनं चालत राहिली.

शुक्रवारी आलेल्या तपासनीस बाईंचं नाव ओरताय. चाळिशीच्या, गोऱ्या, पांढरे गमबूट गाडीतून स्वतःचे काढून घातले, केसांवर टोपी चढवली आणि आत गेल्या. दोन तास कुणाशी जास्तीचा शब्द नाही. नळ बघितले, सुकवायच्या खोलीतला उष्मा बघितला, कात्र्या कशात बुडवून ठेवता ते विचारलं. मग मांडवात येऊन बसल्या आणि वही पुढ्यात ओढली.

"वही सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "कोण लिहितं?"

"आमच्या लागवडप्रमुख," मास्तर म्हणाले. छवीवान खांबामागे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. "आणि बाई, खालच्या पॉलीहाऊसचं कारण आम्ही शोधलंय." त्यांनी कागद पुढं केला. "खताची एक खेप. खत देणाऱ्या हजर आहेत, सही करतील."

खाम्पेंग पुढं आली. आज तिनं धुतलेला ब्लाउज घातला होता. पेन हातात कसं धरायचं ते आठवत ती क्षणभर थांबली, आणि कागदावर वाकली.

"तिनं काही केलं नाही," छवीवान म्हणाली.

आवाज फार मोठा निघाला. बाहेर कोंबड्या उडाल्या.

"मी राख घातली. देवळातली, उदबत्त्यांची. बादलीत तीन मुठी. खालीच घातली. वर नाही."

मास्तरांनी चष्मा काढला. ओरतायबाईंनी कागद बाजूला सारला आणि वहीचं कोरं पान उघडलं.

"किती वेळा?"

"अकरा."

"तारखा?"

"तारखा नाहीत. तिथी आहेत." आणि तिनं बोटांवर सांगितल्या, आषाढी पौर्णिमेपासून, एकही न चुकता. ती अमावास्या जेव्हा पूर आला होता. ती अष्टमी जेव्हा थावी पडला होता. बाई लिहीत गेल्या. मो निन शेजारी उभी राहून त्या तिथींच्या तारखा काढून देत होती, आणि तिचं तोंड रडवेलं झालं होतं.

"वहीत का नाही लिहिलं, पा?"

"लपवलं नाही हो. ते लिहायचं असतं हे सुचलंच नाही. माझ्या लेखी ते खत नव्हतं."

"ते मला पटतं," ओरतायबाई म्हणाल्या. "माझी आईही आंब्याला घालते. पण कळलं कधी?"

छवीवान कमरेची किल्ली चाचपू लागली.

"अहवाल आला कधी?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार."

एवढंच. बाईंनी आवाजही चढवला नाही. पण खाम्पेंगनं पेन खाली ठेवलं, आणि मांडवात पहिल्यांदाच तिनं छवीवानकडे सरळ बघितलं.

"बुधवारी तू माझ्या घरी जेवलीस," ती म्हणाली.

"खाम्पेंग..."

"भांडी घासलीस. न खरकटी झालेलीसुद्धा घासलीस. मला वाटलं, माझ्यासाठी जीव तुटतोय हिचा." तिनं ब्लाउजला हात पुसले, जणू पेनाला काही लागलं होतं, आणि ती मांडवातून निघून गेली.

निकाल तिथंच लागला. वरच्या पॉलीहाऊसचा दाखला अडणार नव्हता. खालचं सहा महिने बंद; माती बदला, मग पुन्हा तपासणी. खालचं सगळं पीक नष्ट, आयांसकट. आणि लागवडप्रमुख बदला. "चूक झाली म्हणून नव्हे," ओरतायबाई टोपी काढत म्हणाल्या. "चूक प्रत्येक शेतात होते. चार दिवसांसाठी म्हणते मी."

गांजा नष्ट करायचीही रीत असते. उपटायचा, तुकडे करायचे, ओल्या मातीत आणि चुन्यात कालवायचा, वजन करायचं, फोटो काढायचे, साक्षीदारांच्या सह्या. आया उपटायला कुणाचे हात पुढं होईनात. छवीवाननंच उपटल्या, बाराच्या बारा. जीपमधल्या शिपायांची तिला आठवण झाली असेल. पण ती काही बोलली नाही, आणि तो सबंध वेळ तिनं कुठंही फेरी मारली नाही. जूनमध्ये, राखेच्या आधी छाटलेल्या याच आयांच्या फांद्यांची रोपं वर वाढत होती. वाण राहिला. सोळा रुग्णांना मो निननं वरच्या फुलांचं तेल पुरवून पुरवून दिलं.

मग प्रश्न आला किल्ली कुणाला. मंडळाची बैठक झाली. मास्तर स्वतः घेतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण मास्तरांचाही चेहरा त्या कागदापासून पडला होता. तेच म्हणाले, "जिच्याकडून आपण खोटी सही घेत होतो, तिला द्या. ती तरी आपल्यावर नीट लक्ष ठेवेल." कुणी नाही म्हणायच्या आत थावीनं लाल दोरा खाम्पेंगच्या हातात ठेवला. कमरेची किल्ली त्यानंच छवीवानकडून मागून आणली होती. कशी आणली ते त्यानं कधी सांगितलं नाही, पण त्याच्या मनगटावर नखांचे चार ओरखडे होते.

पाटीवरचा फोटो उतरला. खाम्पेंगला फोटो काढायचा नव्हता, तेव्हा तिथं चार खिळे राहिले.

त्यानंतर छवीवान कुंपणाबाहेरून चालायची. सकाळी चालायची, दुपारी चालायची. कुंपणाच्या कडेच्या गवतात पंधरा दिवसांत पायवाट पडली. आतली प्रत्येक चूक तिला बाहेरून दिसायची: पडदा उशिरा उघडला, पाइप उन्हात राहिला, कोपऱ्यातल्या बियांच्या रोपांतलं तिसरं नर निघणार आहे आणि ह्या बाईला ते अजून दिसत नाही. घरात ती थावीच्या जाळ्याच्या गाठी मोजून परत घालायला लावायची. थावी गावभर सांगायचा, "मला मंडळात घ्या. नाहीतर हिला तुरुंगात टाका. दोन्हीपैकी काहीही करा."

खाम्पेंग तिच्याशी बोलली नाही. वाटेत भेटली की पोतं दुसऱ्या खांद्यावर घ्यायची.

सोळाव्या दिवशी छवीवाननं धीर केला. फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि हाक मारली नाही, फक्त उभी राहिली. एका जागी. हे पाहून आत खाम्पेंगला तिची तब्येत बिघडली की काय असं वाटलं असावं, कारण ती फावडं टाकून आली.

"काय?"

"कोपऱ्यातलं तिसरं रोप. नर आहे."

"दिसतंय मला."

"दिसत असतं तर एव्हाना उपटलं असतंस."

खाम्पेंगनं मागं वळून कोपऱ्याकडे बघितलं. मग तिनं फाटक उघडलं, पण आडवा हात धरला. "पिशवी."

छवीवाननं पिशवी उघडून दाखवली. चिकट भाताची टोपली, दोन भाजलेले मासे.

"खिसे."

खिसे उलटे केले. एक रबर, एक सुपारीचं खांड, कात्री.

"हात दाखव." खाम्पेंगनं तिचे हात पालथे करून, बोटांच्या पेरांत, नखांत बघितलं, राखेसाठी. मग पाहुण्यांची वही पुढं केली. नाव, वेळ, काय काम. येणाऱ्या प्रत्येकानं भरायची असते. छवीवाननंच इतकी वर्षं लोकांकडून भरून घेतली होती.

तिनं नाव लिहिलं. वेळ लिहिली. 'काय काम' या रकान्यापाशी पेन थांबलं, आणि मग तिनं भरभर लिहिलं.

खाम्पेंगनं वही वळवून घेतली आणि एकेक अक्षर लावत वाचलं. "'स्वस्थ बसवत नाही.'" तिनं मान हलवली. "हे काम नाही."

"मग काय लिहू?"

"पाणी घालणे लिही." खाम्पेंगनं किल्ली कमरेला खोचली आणि पाठ फिरवली. "पाइप तिकडं आहे. किती बादल्या झाल्या ते मला सांगायचं. मी लिहिणार."